मस्टरवरची नऊ नावं

माझ्याकडे येणारी ख्रिस्ती विश्वासी माणसं एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात: देवाची आज्ञा पाळायची म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास काढायचा का? आनंदही (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही) हाच प्रश्न मनात घेऊन आले होते, पण त्यांनी तो विचारलाच नाही. राजीनाम्याचा कागद सरळ माझ्या टेबलावर ठेवला.

भायखळ्याच्या एका चर्चच्या मागच्या खोलीत मी शनिवारी दुपारी लोकांच्या अडचणी ऐकायला बसते. पंखा खडखडतो, म्हणून लोकांना जरा मोठ्याने बोलावं लागतं. आनंद इतकं हळू बोलत होते की शेवटी मी पंखाच बंद केला. मे महिना होता.

एका कंत्राटदाराकडे ते सुपरवायझर. साइटवर मजूर ३१ आणि मस्टरवर ४०. कागदावरच्या त्या नऊ जणांची हजेरी रोज सकाळी आनंद भरायचे, खाली सही करायचे. पगार ४६ हजार, बदलापूरच्या वन बीएचकेचा हप्ता २१ हजार, मुलगी नववीत.

"ताई, तीन महिने झाले, मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. ताट आलं की शेजारच्याकडे सरकवतो." प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये येशूच्या स्मरणार्थ घेतात ती भाकर आणि द्राक्षारस; मनात खोट असताना ते घ्यायला विश्वासी माणूस कचरतो.

"घरी सांगितलंत?"

"राजीनामा देऊन मग सांगेन. आधी सांगितलं तर ती अडवेल. पंडिता रमाबाईंनी नाही का सगळं सोडलं?"

आमच्या मंडळीत रमाबाईंचं नाव असं पटकन तोंडात येतं. त्यांचा त्याग सगळ्यांना पाठ, हिशेब कुणालाच नाही. म्हटलं, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडण्याआधी बाई अमेरिकेत गावोगाव बोलत हिंडल्या. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, तिने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली, आणि मग इथे दार उघडलं. बुरूज बांधणारा आधी खर्चाचा हिशेब मांडून बसतो, हे बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायात खुद्द येशू सांगतो. तुम्ही तर रोज बांधकामावरच असता!

ते हसले नाहीत.

मग मी विचारलं, "सोय नेमकी कुणाची सोडताय?" बराच वेळ ते कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. पगार सोडायला हा माणूस खरोखर तयार होता, त्यात मला शंका नव्हती. पण बायकोसमोर बसून 'मी खोट्या सह्या करतोय' म्हणणं त्याला नको होतं. राजीनामा दिला की ते बोलणं आपोआप टळणार होतं. आज्ञापालनाच्या नावाखाली असं काही टाळणारे मी बरेच पाहिलेत. चांगली माणसं असतात ती. रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाने मोठा निर्णय दोन आठवडे तरी लांबवावा, असं मी एरवीही सांगते. त्यांनाही तेवढंच सांगितलं. कागद त्यांनी खिशात ठेवला.

पुढच्या शनिवारी दोघं आले. तिचा राग नोकरीवर नव्हताच.

"ताट सरकवताना मी बघत होते. मला वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. तीन महिने मी काय काढले असतील!" मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "नऊ भुतांची हजेरी रोज भरलीत. घरात मी एकटी जिवंत, माझी कधी घेतलीत?"

त्यानंतर तिने पर्समधून मुलीची जुनी वही काढली. तिच्या शिवणाचे पैसे, भिशी, एक पाटली. जमेला चार महिन्यांचे हप्ते निघाले. चार महिने म्हणजे फार नाही, पण त्या आकड्यावर आनंदचे खांदे खाली आले, ते मी समोरून पाहिलं.

साहेबांशी कसं बोलायचं यावर आम्ही बायबलमधल्या दानीएलाच्या गोष्टीकडे गेलो. राजाचं अन्न नको म्हणताना त्याने थाळी भिरकावली नाही. कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग आमची तोंडं ताडून पाहा. आनंदने साहेबांना सांगितलं: मी मोजेन तेवढ्याच डोक्यांवर सही करेन, काम दुप्पट सांगा.

नोकरी गेली नाही. मस्टर काढून घेतलं, दहिसरच्या साइटवर पाठवलं, ओव्हरटाइम बंद. महिन्याला सहाएक हजार कमी. जुन्या साइटवर आता ती नऊ नावं दुसरं कुणी भरत असेल, आणि ते त्यांना टोचतं. त्याचं काय करायचं यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

प्रभुभोजन ते घेतात. बदलापूरहून दादर, पुलावरच्या गर्दीतून पश्चिमेची गाडी, मग दहिसर. या प्रवासाबद्दल दर भेटीत पहिली दहा मिनिटं मनसोक्त कुरकुरतात. मी घड्याळ बघत नाही. परवा म्हणाले, "ताई, देवाला बोरिवलीच्या अलीकडे साइट मिळत नव्हती का?"