भारतात खासगी विद्यापीठांना परवानगी कोण देते आणि त्यांच्यावर नियंत्रण कोणाचे असते?

परवानगी कोण देते आणि त्यानंतर लक्ष कोण ठेवते, या आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. राज्यघटनेनुसार विद्यापीठ स्थापन करण्याचा अधिकार राज्यांना आहे, तर उच्च शिक्षणाच्या दर्जाची जबाबदारी केंद्राची असून ती प्रामुख्याने विद्यापीठ अनुदान आयोग पार पाडतो. त्यामुळे राज्याने कायदा केला की विद्यापीठ अस्तित्वात येते, आणि आयोगाची तपासणी बहुधा त्यानंतर होते.

छत्तीसगडमध्ये याचा परिणाम दिसला. केवळ राजपत्रातील अधिसूचनेने खासगी विद्यापीठ स्थापन करता येईल, असा कायदा त्या राज्याने २००२ साली केला आणि थोड्याच काळात ११२ विद्यापीठे कागदावर उभी राहिली. अनेकांना ना इमारत होती ना आवार. ती एकेका खोलीतून चालत होती. आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी २००५मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची कलमे ५ व ६ घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे त्यांखाली स्थापन झालेली विद्यापीठे रद्द झाली. मात्र शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी संलग्न करण्यासाठी पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सांगितले. निकालातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण विद्यापीठ रद्द झाले तरी मुलाची गेलेली वर्षे कोणी परत देत नाही.

खासगी विद्यापीठांच्या वाढीमागे खरी गरजही होती. सरकारी जागा अपुऱ्या पडत होत्या, आणि संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रमापासून परीक्षेपर्यंत सर्व बाबतींत मूळ विद्यापीठावर अवलंबून राहावे लागत असे. महाराष्ट्रातील भारती विद्यापीठाने १९९६ साली आणि सिंबायोसिसने २००२ साली केंद्राकडून अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे वेगळ्या कायद्याशिवाय विद्यापीठ मानले जाण्याचा, दर्जा मिळवला. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या खर्चाने चालणारी, विद्यापीठे २०१४पासून आली.

आवार, ग्रंथालय आणि पूर्णवेळ अध्यापक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विधिमंडळाने असा कायदा संमत करू नये, असे माझे ठाम मत आहे. आयोगाच्या यादीत नाव असले म्हणजे पदवी देण्याचा अधिकार आहे एवढेच कळते, दर्जा कळत नाही. म्हणून विधी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वास्तुकला यांसारख्या शाखेला प्रवेश घेताना त्या शाखेचे नियमन करणाऱ्या परिषदेची मान्यता त्याच अभ्यासक्रमाला आणि त्याच वर्षासाठी आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.