पक्षकार्यात नवीन आहेस? आधी यादी हातात घे

भावा, उत्साह चांगला आहे, पण वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर फोटो लागला म्हणजे कार्यकर्ता झालो, हे डोक्यातून काढ. नव्या पोरांची पहिली चूक हीच.

सुरुवातीला फक्त तुझं बूथ धर. मतदारयादी घे आणि गल्लीत घरोघरी फिर. कोण अठरा पूर्ण झालं, कोण लग्न होऊन आली, कोण उपनगरात राहायला गेलं, ते पेनानं मार्जिनमध्ये लिही. नवीन नावाला नमुना 6, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला 8. नोंदणीसाठी आता वर्षात चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावे लागतात) आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. एवढं काम नीट केलंस तर शहराध्यक्ष स्वतः फोन करतील. (आणि म्हातारी माणसं चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, पोटाची तयारी ठेव.)

मग तक्रारी. गटार, कचरा महापालिकेकडं, वीज महावितरणकडं, रेशनकार्ड पुरवठा विभागाकडं. अर्ज लेखी दे, पोच घे. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरातल्या पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत जा. 39 फूट इशारा, 43 धोका. नदीकाठच्या सुतारवाड्यातली घरं हलवायला तेव्हा माणसं लागतात, तिथं पक्ष विचारू नकोस.

या चुका टाळ:
- न तपासता मेसेज पुढं ढकलणं
- विरोधी पक्षातल्या तालमीच्या मित्राशी बोलणं तोडणं
- पहिल्याच वर्षी तिकीट मागणं

प्रभागरचना, आरक्षण वगैरे नंतर बघू. यादी कधी आणतोस सांग.