घरी ओतलेल्या जिग हेडचा रंग दगडावर का उडतो आणि तो पक्का कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिशाची जिग हेडं, म्हणजे मासेमारीच्या गळावर बसणारी वजनदार डोकी, घरी ओतली, तापवून पावडर पेंटमध्ये बुडवली, ओटीजीत (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) दहा मिनिटं ठेवली. रंग चकचकीत आला, पण उजनीच्या काठावर दोन-चार वेळा दगडाला लागली की टवके उडतात. वर गळाची कडी रंगाने बुजते आणि ती टोकरताना आणखी रंग निघतो. शिवाय ही पावडर सोलापुरात सुटी मिळते का, हेही विचारलंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पावडर कोटिंगचंच काम करतो आणि सुट्टीला गळ टाकतो, त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या आहेत. वर्णनावरून सांगतो, तुमचा रंग वितळलाय, पण पकलेला नाही.

पावडरमध्ये राळ, रंग आणि हार्डनर एकत्र दळलेलं असतं. गरम शिशाला लागली की ती वितळून पसरते आणि लगेच चमक येते. माणसाला वाटतं, झालं काम. पण राळ आणि हार्डनर यांची आपसात गाठ बसायला ठरावीक तापमानावर ठरावीक वेळ जावाच लागतो. यालाच आम्ही क्युअरिंग म्हणतो. ते अर्धवट राहिलं तर थर ठिसूळ राहतो, दिसायला मात्र पूर्ण तयार. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको: चादरीचा रंग कच्चा की पक्का हे दुकानात कळत नाही, पहिल्या धुण्यात कळतं.

कारखान्यात येणाऱ्या पॉलिएस्टर पावडरला साधारण २०० अंश सेल्सियसला १० मिनिटं किंवा १८० अंशांना १५ ते २० मिनिटं लागतात. जिगसाठी छोट्या डब्यांतून जी पावडर विकतात ती १७५ अंशांच्या आसपास तेवढ्याच वेळात पकते. खोक्यावर किंवा डब्यावर आकडा असतो, तोच धरा. मात्र हा वेळ मोजायचा तो धातू त्या तापमानाला पोचल्यापासून, ओटीजीचं दार लावल्यापासून नाही. तुमची दहा मिनिटं इथेच कमी पडली. दार उघडलं की आतली उष्णता बाहेर पडते, हेडं अडकवेपर्यंत आणखी पडते आणि मग सगळं पुन्हा तापायला वेळ जातो. पाच ग्रॅमचं हेड लवकर तापतं, पंचवीस ग्रॅमचं तसं नाही. म्हणून लहान-मोठी एकाच घाण्यात लावू नका.

ओटीजीच्या नॉबवरच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. नॉब १८० दाखवतो तेव्हा आत १५० असू शकतात, नाहीतर २१०. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या आणि तो हेडांच्या उंचीला ठेवा. खालच्या रॉडवर एक पत्र्याचा ट्रे आडवा टाका, नाहीतर रॉडची सरळ धग लागून रंग वरून करपतो आणि आत शिसं अजून तापायचंच असतं. आमच्या मोठ्या भट्टीत गरम हवा पंख्याने फिरते, ओटीजीत बहुधा तसं नसतं. म्हणून मी घरी १८० अंशांना पूर्ण २० मिनिटं धरतो. मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका. लाइट आली आणि काटा पुन्हा १८०ला पोचला की वेळ पहिल्यापासून मोजा. थोडं जास्त भाजल्याने काही बिघडत नाही, फार तर पांढरा आणि फिके रंग किंचित पिवळसर होतात. कमी भाजलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आता जी हेडं रंगवून झाली आहेत ती टाकून देऊ नका. टवका उडाला असेल तिथे नीट बघा. थर कणाकणाने, चुरा होऊन निघत असेल तर तो कच्चा आहे. तीच हेडं परत १८० अंशांना २० मिनिटं लावा, पकतील. पण रंग पापुद्र्यासारखा सोलून येत असेल आणि खाली शिसं स्वच्छ चमकत असेल, तर रंग धातूला धरलेलाच नाही. तो दोष सफाईचा. तिथे परत भाजून उपयोग नाही, रंग काढून नव्याने सुरुवात करावी लागेल.

पकलं की नाही हे घरी तपासता येतं. थंड झालेल्या एका हेडावर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस वीसेक वेळा दाबून घासा. नेलपॉलिश काढायचं पाणी ॲसिटोनचं असेल तर तेही चालतं. कापसाला हलकी छटा लागली तर हरकत नाही. कापूस रंगला आणि हेड चिकट झालं तर माल कच्चा. दुसरी परीक्षा हातोडीची: एक हेड लोखंडावर ठेवून हलका ठोका द्या. शिसं मऊ आहे, ते चेपणारच. पकलेला थर शिशाबरोबर दबतो, कच्चा तडकतो.

सफाईकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लोखंडी कपाट रंगवण्याआधी आम्ही सात टाक्यांतून काढतो. शिशाला एवढं लागत नाही, पण साच्याला लावलेलं तेल किंवा काजळी आणि हाताचा घाम जायलाच हवा. ओताईची शेपटी कापा, कडा कानशीने हलक्या मारा, मग हातमोजे घालून थिनर किंवा ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. ओतून बरेच दिवस पडलेली हेडं करडी पडतात. ती ओली करून नायलॉनच्या घासणीने घासा, कोरडी घासली तर शिशाची धूळ उडते. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. तांब्याच्या भांड्याला ते ठीक आहे. इथे आम्लात शिसं विरघळतं आणि जे तयार होतं ते विषारी असतं.

शिसं कशातून आणलंय हेही महत्त्वाचं. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं. गाड्यांच्या चाकांच्या वजनाच्या शिशात अँटिमनी असतं, तेही २५० अंशांच्या खाली नरम पडत नाही. म्हणजे १८०-२०० अंशांची भट्टी दोघांना सोसते. पण सोल्डरची तार वितळवून हेडं ओतली असतील तर सावध. साठ-चाळीसचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, आणि हेड ट्रेमध्ये ओघळतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याच्या वाटेला तर जाऊच नका. आत आम्ल असतंच, शिवाय त्या शिशातून विषारी वायू निघू शकतात.

उजनीच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगतो. भिगवणकडच्या पाणलोटात दर हिवाळ्यात रोहित येतात, बाकी पाणपक्षी आहेतच. तुटून राहिलेलं लहान शिसं खडा समजून गिळलं की पक्षी मरतो. ब्रिटनमध्ये याच कारणाने १९८७ साली मासेमारीच्या शिशाच्या लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. लहान हेडं तुम्ही शुद्ध कथिलाची ओतलीत तर उत्तम. कथिल २३२ अंशांना वितळतं, म्हणजे १८०ला निर्धास्त भाजता येतं, फक्त काटा १८०च्या वर चढू देऊ नका. ते महाग आहे आणि त्याच आकाराचं हेड शिशापेक्षा बरंच हलकं होतं, हे खरं. बिस्मथ-कथिल मिश्रण मात्र १३८ अंशांनाच वितळतं, त्यावर भट्टीतली पावडर चालणार नाही. त्याला साधा रंगच द्या.

आता बुडवणं. गळाचा बाक चिमट्यात धरा आणि हीट गनने फक्त डोकं तापवा. मेणबत्ती नको, काजळी बसते. गळाच्या पोलादाला सरळ ज्योत लागून ते निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं म्हणायचं. मग चांगली मरळ लागली की गळ सरळ करून जाते. भट्टीच्या १८० अंशांनी गळाला काही होत नाही. पावडर डब्यात दाबून बसलेली नसावी, काडीने ढवळून फुलवून घ्या. हेड आत घालायचं आणि ‘एक’ म्हणेपर्यंत बाहेर. बाहेर आल्यावर दोन क्षण रंग मातकट, कोरडा दिसतो, मग कडेकडून ओला होत सगळ्या डोक्यावर चमक पसरते. तापमान बरोबर असल्याची खूण तीच. कोरडाच राहिला तर गनची हवा मंद ठेवून लांबून शेक द्या. नाकाशी थेंब लोंबला तर हेड जास्त तापलं होतं किंवा आत जास्त वेळ राहिलं. जाड थराच्या मोहात पडू नका, दगडाला पहिला तोच उडतो.

कडी साफ करायची वेळ हीच. रंग अजून गरम आणि मऊ आहे, भट्टीत गेलेला नाही, तेव्हा सुई किंवा जुन्या गळाचं टोक आरपार घालून फिरवा. एका हालचालीत काम होतं. भाजल्यावर तीच कडी टोकरायला गेलात तर भोवतीचा रंग तडकणारच. मग सायकलच्या आऱ्यावर गळाच्या बाकाने हेडं अडकवा, एकमेकांना लागणार नाहीत इतकी लांब. गवत टाळण्यासाठी लावतात ते नायलॉनचे केस, सिलिकॉनची झालर, चिकटवायचे डोळे हे सगळं भाजून थंड झाल्यावर.

रंगाबाबत माझं मत विचाराल तर उजनीच्या हिरवट गढूळ पाण्यात काळा आणि नारंगी मला सर्वांत भरवशाचे वाटतात. चिलापीसाठी लहान पांढरं हेडही चांगलं. फ्लोरोसंट पिवळा थेट शिशावर मळकट दिसतो, त्याखाली पांढरा द्या. पांढरा बुडवून वितळू द्यायचा आणि गरम असतानाच वरून पिवळा, मग दोन्ही एकदमच भाजायचे.

पावडर सोलापुरात मिळते. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांकडे खोक्यांच्या तळाशी उरलेली असते. मालक ओळखीचा असो-नसो, शंभर-दोनशे ग्रॅम मागितली तर बहुतेक जण देतात. ‘प्युअर पॉलिएस्टर, ग्लॉसी’ असं सांगा. टेक्स्चर किंवा रिंकल फिनिश घेऊ नका. शेड राल नंबरने (रंगछटांच्या ठरलेल्या क्रमांकाने) मागितली की गोंधळ होत नाही: काळा ९००५, पांढरा ९०१६, नारंगी २००४, पोपटी ६०१८. पावडर देताना खोक्यावरचा भाजण्याचा आकडा दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुट्या पावडरचा आकडा नंतर कुणालाच आठवत नाही.

सांभाळायच्या गोष्टी दोन-तीनच, पण त्यात सवलत नाही. या ओटीजीत पुन्हा पाव-केक करायचा नाही, तो गच्चीवर किंवा शेडमध्येच राहू द्या आणि भाजताना हवा खेळती ठेवा. उडालेली पावडर पेट घेऊ शकते, म्हणून उघड्या डब्याजवळ ज्योत किंवा चालू हीट गन नको. मास्क लावा, काही पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचं हार्डनर असतं, ते श्वासातून जाणं घातक आहे. ओतताना साचा पूर्ण कोरडा हवा, वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते अंगावर उसळतं. काम संपलं की साबणाने हात धुवून मगच चहा. लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या बरणीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ती गोळे धरते. बोटाने दाबून फुटणारे गोळे बारीक चाळणीतून चाळले की पावडर वापरता येते. दगडासारखे झाले असतील तर ती फेकून द्या, ती नीट पसरणार नाही.