पूर ओसरला, विहिरीचं काय?

प्रश्न : आमची जांभ्याची विहीर वाशिष्ठीच्या पुरात बुडते. जुलै २०२१मध्ये तर रहाटसुद्धा पाण्याखाली होता. पाणी नितळ दिसू लागलं की आम्ही मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतो आणि वापर सुरू करतो. हे पुरेसं आहे का? (चिपळूण तालुक्यातील वाचक)

उत्तर : नाही. नितळ पाणी म्हणजे फक्त गाळ तळाला बसला. शौचालयांच्या टाक्यांतून आणि गोठ्यांतून आलेले जंतू पाण्यातच असतात. शिवाय तळाला चिखल असेल तर टाकलेलं क्लोरीन तोच खाऊन टाकतो. म्हणून आधी उपसा, मग पावडर.

पण पूर ओसरला त्याच दिवशी उपसा करू नका. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते आणि ती कठड्याला बाहेरून रेटत असते. विहिरीतलं पाणी हा रेटा तोलून धरतं. ते एकदम काढलं की नुसते रचलेले चिरे आत ढासळतात. पाण्याची पातळी आपणहून उतरू लागली की अर्धी विहीर उपसा, थांबा, चिरे सुटलेत का ते बघा आणि मगच पुढचा उपसा करा.

वर ठेवलेला पंप साधारण सात मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही. मग लोक डिझेलचा पंपच विहिरीत उतरवतात. हे कधीही करू नका. धूर आत साचतो आणि खाली उतरलेला माणूस गुदमरून दगावतो. विजेचा पाणबुडी पंप वापरा, पण तो चालू असताना आत कोणीही नको. गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा.

गाळ निघाला, चिरे ब्रशने घासून झाले की विहीर भरू द्या आणि पाणी मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. पहिल्या शुद्धीकरणाला ३० टक्के क्लोरीनची पावडर दर हजार लिटरला ६५ ते ७० ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे दोन किलो. मूठभर पावडरने इथे काहीच साधत नाही.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. चुना तळाला बसतो, तो टाकून द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली करत हलवा. नुसती वरून ओतली तर तळापर्यंत पोहोचत नाही. बारा तास विहीर बंद ठेवा. मग क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत उपसा करा. हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतील.

त्यानंतर रोजची मात्रा दर हजार लिटरला पाच ग्रॅम. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासा. पुरानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मात्रा वाढवा. जांभा सच्छिद्र असतो, शेजारच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झपाट्याने झिरपतं. म्हणून पावसाळाभर तपासणी सुरूच ठेवा.

पावडरीचं पोतं उघडं राहिलं की कोकणातल्या दमट हवेत तिचा जोर लवकर उतरतो. वास मंद झालेल्या जुन्या पावडरीवर विसंबू नका.

प्रश्न : वादळात समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं. उकळून प्यायलं तर चालेल का? (श्रीवर्धनजवळील वाचक)

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. पाणी आटल्याने ते उलट दाट होतं. क्लोरीनचाही खारटपणावर इलाज नाही. किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. विहीर पुन्हा पुन्हा रिकामी केली तर खालचं खारं पाणी वर चढतं आणि बिघाड वाढतो. आत साचलेलं पाणी हळूहळू एकदाच काढा आणि पुढचे पाऊस पडू द्या. मधल्या काळात पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण अधूनमधून तपासून घ्या : लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही कमाल मर्यादा. तोवर पिण्यासाठी टँकर किंवा पागोळीचं पाणी लागेल. पागोळीचं घेताना पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या.

प्रश्न : टँकरचं पाणी सुरक्षित धरावं का? (रत्नागिरीतील वाचक)

उत्तर : भरताना क्लोरीन टाकलं असेल आणि घराशी तपासलं तेव्हा ते शिल्लक दिसलं असेल तरच. ५,००० लिटरच्या टँकरला साधारण २५ ग्रॅम पावडर लागते, तीही निवळी करूनच. पाणी आधीच गढूळ असेल तर तुरटीने निवळून घ्या. घरी झाकणाच्या हंड्यात ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हात बुडाला की केलेलं सगळं वाया जातं.