परसबाग, ताट आणि एआरटीची गोळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) आहोत. यांचं वजन कमी आहे. घरामागे 12 फूट रुंद, 10 फूट लांब जागा आहे. कोणत्या भाज्या लावल्या तर अंग भरेल? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : जागा पुरेशी आहे, पण पालेभाजीनं अंग भरत नाही. 100 ग्रॅम पालकात जेमतेम 25 कॅलरी असतात. परसबाग लोह, फोलेट, अ आणि क जीवनसत्त्व देते. वजन भरतं ते भाकरी, डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी यांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एचआयव्ही असलेल्या प्रौढाला लक्षणं नसतानाही सुमारे 10 टक्के जास्त ऊर्जा लागते. आजारपणात आणि त्यातून उठताना 20 ते 30 टक्के. रोज 2000 कॅलरी लागत असतील तर 10 टक्के म्हणजे 200. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे आणि 10 ग्रॅमचा गुळाचा खडा यांत ते भागतं. बुरशी आलेला, काळपट किंवा कडू दाणा मात्र टाकून द्या; त्यातलं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे घालू नका, तेवढ्यात महिन्याची अंडी आणि डाळ येते.

खाणं नीट असूनही वजन उतरत असेल, किंवा खोकला, ताप, रात्री घाम यांपैकी काहीही असेल, तर आधी एआरटी केंद्रावर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. उलट गोळी सुरू झाल्यापासून वजन वाढतच असेल, तर वरचा गूळ-दाणा तुमच्यासाठी नाही.

आता वाफे. 3 फूट रुंदीचे तीन वाफे आणि मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन वाटा, असे 12 फूट होतात. यापेक्षा रुंद वाफा केला की मधली भाजी काढायला आत पाय टाकावा लागतो, माती दबते आणि मुळं गुदमरतात. प्रत्येक वाफ्यात 8 ते 10 किलो शेणखत मिसळा. खत काळं, भुसभुशीत, वास न येणारं हवं. ताज्या शेणानं हुमणी येते आणि त्यातले जंतू पानांवर चढतात.

बहुतेकांची बाग फसते ती एकाच दिवशी सगळं बी पेरल्यामुळे. महिन्याभरानं मेथीचे ढीग लागतात आणि पुढचा महिना ताट कोरडं. म्हणून पालेभाजीच्या वाफ्याचे चार पट्टे पाडा आणि दर आठ-दहा दिवसांनी एकच पट्टा पेरा. मेथी महिन्याभरात उपटायला येते. पालक मुळासकट न उपटता वरून कापा, पुन्हा फुटतो. उन्हाळ्यात मेथी-पालक लवकर फुलावर येतात, तेव्हा राजगिरा, माठ, अंबाडी घ्या. दुसऱ्या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची. उत्तरेकडच्या वाफ्यात मांडव करून दोडका आणि वाल चढवा; मांडव दक्षिणेला केला तर त्याची सावली बाकीच्यांवर पडते. एका कोपऱ्यात शेवगा. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर सरळ वर जातं आणि पाला हाती लागत नाही. शेवग्याचा पाला डाळीत घालायला उत्तम.

माव्यासाठी 50 ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. पाण्याचं मान बोटानं बघा : दोन पेरांपर्यंत ओल असेल तर पाणी देऊ नका. सतत ओल राहिली की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात.

पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त लागू पडतं. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या सामायिक भाजीबागेत एका ताईंना एचआयव्ही असल्याचं कळलं. काही जणी त्यांनी तोडलेली भाजी घेत नाहीत. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : भाजीतून, पाण्यातून, विळ्याला किंवा खुरप्याला हात लागल्यानं एचआयव्ही पसरत नाही. कोणाचंही बोट कापलं तर जखम धुवून पट्टी बांधायची आणि रक्त लागलेली जुडी टाकायची. हा नियम गटातल्या सगळ्यांना सारखाच. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 नुसार कामावर भेदभाव करायला मनाई आहे, आणि एखाद्याच्या आजाराची माहिती संमतीशिवाय उघड करण्यावरही बंधनं आहेत. म्हणून त्या ताईंविषयी यापुढे बैठकीत चर्चा नको. हजेरीच्या वहीत खूण नको, ‘एचआयव्हीग्रस्तांची बाग’ असा फलक तर मुळीच नको. अशा फलकामुळे ज्यांना भाजीची खरी गरज आहे तीच माणसं यायची थांबतात. कामाची वाटणी अंगातल्या ताकदीप्रमाणे करा. थकवा असलेल्यांना पाण्याच्या बादल्या न देता बी पेरणं, निवडणं, हिशेब द्या आणि वाटा मात्र पूर्ण द्या.

प्रश्न : सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी आहे. मोड आलेले मूग कच्चे खाऊ का? बागेत मांजरंही येतात.

उत्तर : कच्चे नको. मोड येतात त्याच उबेत आणि ओलाव्यात जिवाणूही वाढतात. उसळ शिजवून खा. पालेभाजी आधी निवडा, वाहत्या पाण्यात धुवा, मग चिरा. पिण्याचं पाणी उकळून घ्या.

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा परजीवी मातीत येतो. सीडी4 100 च्या खाली असताना तो मेंदूपर्यंत त्रास देऊ शकतो. रबरी हातमोजे घाला, काम संपल्यावर साबणानं हात धुवा, मोकळ्या वाफ्यावर काटेरी फांद्या पसरा.

प्रश्न : टीएलडीच्या (एआरटीच्या तीन औषधांच्या एकत्र) गोळीबरोबर कॅल्शियम, लोहाची गोळी चालते का? नाचणी, दूध बंद करावं का?

उत्तर : नाचणी, दूध, पालेभाजी काहीच बंद करू नका. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांशी बांधलं जाऊन शरीरात कमी शोषलं जातं. जेवणाबरोबर घेतलं तर ही अडचण येत नाही, म्हणून दोन्ही जेवणाबरोबर एकत्र घ्या. उपाशीपोटी घ्यायची असेल तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधाला जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळावंच लागतं. झाडपाल्याचं कोणतंही औषध सुरू करण्याआधी ते एआरटी केंद्रावर दाखवा.