पार्सली उगवतच नाही? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

पेरून पंधरा दिवस झाले, एकही कोंब नाही. बी खराब निघालं का? (पुणे)

अहो थांबा, कुंडी उकरू नका! कोथिंबीर आठ-दहा दिवसांत वर येते म्हणून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पार्सलीकडूनही आपण तेच धरून बसतो, पण हिला ३ ते ४ आठवडे सहज लागतात आणि तेवढ्यात माती एकदा जरी कोरडी पडली तरी आत फुटलेला कोंब तिथेच मरतो, बहुतेकांचं इथेच बिनसतं. पुढच्या वेळी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, वर ओलं गोणपाट टाका, कोंब दिसला की लगेच काढा. बी ताजंच घ्या, जुन्या पाकिटातलं फार कमी उगवतं. आणि कुंडी निदान १० इंच खोल हवी, सोटमूळ आहे ना, मोठं रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसतं.

कापली की परत फुटत नाही. (ठाणे)

शेंडे खुडताय बहुतेक. बाहेरच्या जुन्या दांड्या बुडापासून कापा, मधली कोवळी पानं ठेवा, महिनोन् महिने मिळेल.

मे महिन्यात पानं पिवळी पडतायत. (नागपूर)

तुमच्याकडच्या उन्हात कोणाचंही होईल! सकाळचं कोवळं ऊन ठेवा, दुपारी शेडनेट. पण आधी बोट खुपसून माती बघा, पाणी साचूनही पानं पिवळी पडतात. नवीन लावायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच.

पोह्यांवर घातली, मजा नाही आली. (डोंबिवली)

नाहीच येणार, पोह्यांना कोथिंबीरच हवी. दिसायला सारखी असली तरी वास अगदी वेगळा. मला विचाराल तर लेबनॉनकडचं तबुले करा, त्यात पार्सली वरून भुरभुरायची नसते, तीच मुख्य भाजी: दोन मोठ्या जुड्या बारीक चिरून, त्यात मूठभर भिजवलेला बारीक बुलगूर (उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा), टोमॅटो, पुदिना, कांदा, लिंबू, ऑलिव्ह ऑइल. सपाट पानांचीच घ्या, कुरळी तोंडात चरचरीत लागते. उरली तर वाळवू नका, वास उडतो, चिरून तेलात कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेते. तिला चालेल? (नाशिक)

बरं झालं विचारलंत. पार्सलीत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळीच्या विरुद्ध काम करतं. चिमूटभर सजावटीला असते तेवढ्याने सहसा बिघडत नाही, पण तबुलेसारखी वाटीभर एकदम नको, आधी डॉक्टरांना सांगा.