चिंगीला सोबत हवी आहे का?

«ताई, आमच्याकडे दोन मांजरं होती, चिंगी आणि ढम्या. चार महिन्यांपूर्वी ढम्या मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. चिंगी नऊ वर्षांची आहे, नसबंदी झालेली. तो गेल्यापासून ती रात्री ओरडत घरभर फिरते, त्याच्या खुर्चीपाशी जाऊन थांबते आणि मी घरात असले की पाठ सोडत नाही. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो. नणंदेकडे मांजरीला पिल्लं झाली आहेत. त्यातलं दोन महिन्यांचं एक पिल्लू घेऊन जा म्हणून ती मागे लागली आहे. शिवाय एका निवाऱ्यात चार वर्षांचा एक शांत बोकाही मी पाहून ठेवलाय. नवरा म्हणतो, कुठलंही आण आणि दे घरात सोडून, दोन दिवस भांडतील आणि मग होतील गुण्यागोविंदाने राहायला तयार. मला धीर होत नाही. आणि खरं सांगू का, ढम्याच्या जागी दुसरं कुणी आणायचं या विचारानेच अपराधी वाटतं.»

मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ढम्याची जागा कुणी घेणार नाही, आणि तसा प्रयत्न करायचंही कारण नाही. तुम्हाला रडू येतंय तोवर रडा. पण तुमचं दुःख आणि चिंगीची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मला वाटतं, पत्रात त्या थोड्या मिसळल्या आहेत.

चिंगी ढम्याला शोधते आहे. याचा अर्थ तिला कुठलंही एक मांजर हवं आहे असा नाही. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे एकट्याने शिकार करणारी, आपापला इलाखा राखून राहणारी रानमांजरं. मांजरं एकमेकांना जीव लावतात, अगदी घट्ट लावतात, पण तो सहसा ओळखीच्यांना: बरोबर वाढलेल्या भावंडाला, आईला, लेकीला. अनोळखी मांजर दारात उभं राहिलं तर ते आधी घुसखोरच असतं. म्हणून दुसरं मांजर आणायचं की नाही, हे चिंगीकडे बघून ठरवा.

त्याआधी तिला डॉक्टरांना दाखवा. नऊ वर्षांच्या मांजरीचं रात्रीचं ओरडणं आपण विरहाच्या खात्यात टाकतो, आणि कधी ते खरंही असतं. पण थायरॉइड वाढलं असेल, रक्तदाब वाढला असेल, ऐकू कमी येत असेल, सांधे दुखत असतील तरी मांजरं रात्री अशीच ओरडतात. खाणं चांगलं असूनही वजन उतरतंय का, पाणी जास्त पिते का, उंच उडी मारताना आधी अडखळते का, हे बघून डॉक्टरांना सांगा. रक्त आणि लघवी तपासून घ्या, रक्तदाबही मोजायला सांगा. दुखत असलेल्या मांजरीच्या घरात नवीन मांजर आणणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

तपासण्या ठीक आल्या तर आता आठवा, ती दोघं कशी राहायची? अंगाला अंग लावून झोपायची का? एकमेकांचं डोकं, मान चाटायची का? तो खोलीत आला की ती शेपटी उभी करून त्याच्याकडे जायची का? तसं असेल तर चिंगीला मांजराची सोबत आवडते, हे धरून चालायला हरकत नाही. पण दोघं एकाच घरात नुसती एकमेकांना टाळत राहत असतील, एक आलं की दुसरं उठून जात असेल, तर आज तिला जे हवंय ते बहुधा तुम्ही आहात. अशा वेळी रोज सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून तिला मनसोक्त खेळवणं, जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवणं आणि खिडकीशी बसायला एक उंच जागा करून देणं जास्त कामाचं ठरेल. खिडकीबाहेर मांजर दिसलं की ती पिसाळते, दारात मुतून ठेवते, असं असेल तर दुसरं मांजर आणूच नका.

आता निवड. मी असते तर बोका निवडला असता. नणंदेचं मन मोडणं अवघड आहे हे कळतं, पण दोन महिन्यांचं पिल्लू दिवसभर कुणाच्या तरी शेपटीवर झेप घेतं, मानेला चावतं, झोपलेल्याला उठवतं. त्यात त्याचा काही दोष नाही, ते त्याचं शिकण्याचं वय आहे. पण नऊ वर्षांच्या चिंगीसाठी तो रोजचा छळ होईल. शिवाय घरात दिवसभर माणूस नाही. पिल्लू आणायचंच असेल तर दोन भावंडं आणावीत, म्हणजे ती एकमेकांशी मस्ती करतात आणि मोठ्या मांजराला मोकळं सोडतात. पण मग तुमच्याकडे तीन मांजरं होतील.

चार वर्षांच्या बोक्याचा स्वभाव मात्र घडलेला असतो, तो आधी बघून घेता येतो. निवाऱ्यातल्या माणसांना नेमकं विचारा: तो इतर मांजरांबरोबर राहिलाय का? कुणी त्याच्यावर फिसकारलं तर तो माघार घेतो की अंगावर जातो? दुसऱ्याच्या वाडग्यात तोंड घालतो का? चिंगीसाठी माघार घेणारा बोका हवा. माणसाच्या मांडीवर किती बसतो हे इथे दुय्यम आहे. नसबंदी, लसीकरण, जंतांचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त झालेला असावा, आणि मांजरांच्या ल्युकेमियाची व एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची) चाचणीही. संसर्ग अगदी नवा असेल तर तो चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून काही वेळा डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. कंटाळा करू नका.

तुमच्या नवऱ्यांना माझा निरोप सांगा: सोडून देऊन बघू, हे करायचं नाही. पहिल्याच भेटीत जुंपली तर ती आठवण मांजर फार काळ धरून ठेवतं, आणि मग जे काही आठवड्यांत जमलं असतं त्याला महिने लागतात.

बोका येण्याआधी एक खोली त्याच्यासाठी तयार ठेवा. तिथे त्याचा शी-शूसाठीचा लिटर ट्रे, पाणी, खाणं, पंजे घासायला खांब आणि लपायला एक खोकं हवं. चिंगीची आवडती खोली मात्र त्याला देऊ नका. निदान पहिले दोन आठवडे दार बंद, त्यात आजारपणाचीही काळजी कमी होते. तोवर दोघांची ओळख वासाने करून द्यायची. एक मऊ फडकं त्याच्या गालांवरून फिरवा आणि चिंगीच्या जागेजवळ ठेवा, तिच्या गालांवरचं त्याच्या खोलीत. फडकं तिच्या नाकाशी धरायचं नाही. तिने हुंगून फिसकारलं तर ते थोडं लांब सरकवा. हुंगून बाजूला जाऊन अंग चाटत बसली, की समजा एक पायरी झाली.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. सुरुवातीला वाडगे दारापासून बरेच लांब ठेवा. दोघं निवांत खात असतील तर पुढच्या जेवणाला एक वीत जवळ आणा. चिंगी खाता खाता थांबली, कान बाजूला वळवून दाराकडे बघत राहिली, शेपटीचं टोक झटकायला लागली, की वाडगा पुन्हा मागे. तिथे घाई केली तर सगळं फिसकटतं. दोघं दाराला जवळजवळ नाक लावून खायला लागली की मध्ये जाळी किंवा काच ठेवून एकमेकांना दिसू द्या, तेही जेवतानाच. अधूनमधून जागांची अदलाबदल करा: बोका घरभर फिरून येतो, तेवढा वेळ चिंगी त्याची खोली तपासून घेते. समोरासमोरची भेट त्यानंतर, पाच मिनिटांची, दोघांनी थोडं खेळून खाल्ल्यावर. आणि सगळं ठीक चाललेलं असतानाच ती संपवायची.

फिसकारण्याला घाबरू नका. 'जवळ येऊ नकोस' हे सांगायची ती सभ्य रीत आहे, त्यासाठी चिंगीला कधी रागावू नका. मला जास्त काळजी वाटते ती आवाज न करता टक लावून बघण्याची, ट्रेच्या वाटेवर किंवा दारात आडवं बसून दुसऱ्याला जाऊ न देण्याची. भांडण दिसत नाही आणि आपण म्हणतो, बघा, जमलं. प्रत्यक्षात एक मांजर दिवसभर लघवी धरून पलंगाखाली बसलेलं असतं. म्हणून दोन मांजरांना तीन ट्रे, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. वाडगे एकमेकांना दिसणार नाहीत असे. उंचावर चढायला आणि उतरायला एकाहून जास्त वाटा. खरोखर जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी आडवी घाला आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत शांत होऊ द्या, वाटल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत. मग दोन पायऱ्या मागे जा.

या दिवसांत दोघांच्या खाण्यावर आणि ट्रेवर लक्ष ठेवा. एखादं मांजर दिवसभराहून अधिक काळ काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराच्या यकृताला लवकर धोका होतो. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी त्याच घडीला घेऊन जा.

सगळं मिळून काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. आणि एवढं करून दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना शांत झोपली, एवढ्यावरच थांबलं, तर ते यश आहे. चिंगी ढम्याला चाटत असली तरी याला चाटेलच असं नाही. तशी वाट बघत बसलात तर या बोक्यावर अन्याय होईल.

निवाऱ्याशी मात्र आधीच मोकळेपणाने बोला: नाहीच जमलं तर तुम्ही त्याला परत घ्याल का, की दुसरं घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळायचं? हे ठरलेलं असेल तरच त्याला घरी आणा. नणंदेला आजच फोन करून नाही सांगून टाका, म्हणजे त्या पिल्लाला तिला वेळेत दुसरं घर शोधता येईल.

तुमची ताई